अंगण खरंच वाकडं असेल तर?

८ सप्टेंबर २०२४, रविवार. शिकागोच्या सोल्जर फील्डवर अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात शिकागो बेअर्सनी टेनेसी टायटन्सना २४-१७ असं हरवलं. माझा आतेभाऊ, आमचा दादा, बरीच वर्षं शिकागोच्या उपनगरात राहतो आणि बेअर्सच्या नावाने नवस बोलणाऱ्यांतला आहे. अभिनंदन करायला फोन लावला, तर घरात सुतक. मागून त्याच्या मुलाचा चढलेला आवाज ऐकू येत होता. बापलेक भांडत होते, आणि तेही जिंकलेल्या सामन्यावरून.

कारण होतं केलेब विल्यम्स. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजातल्या खेळाडूंच्या निवडीत) सगळ्यांत पहिला निवडला गेलेला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य गडी. कॉलेजातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून २०२२ ची हाइसमन ट्रॉफी जिंकून आलेला. पहिल्या सामन्यात त्याने २९ पास फेकले, त्यातले १४ पोचले आणि सगळे मिळून ९३ यार्ड झाले. टचडाउन, म्हणजे बॉल समोरच्याच्या टोकापलीकडे नेणं, एकही नाही. बेअर्सचे दोन्ही टचडाउन त्याच्याशिवायच झाले: एक अडवलेल्या किकवर, दुसरा बचावपटूने समोरच्याचा पास मधेच पकडून पळ काढल्यावर. फलंदाजांनी नांगी टाकावी आणि गोलंदाजांनी सामना काढून द्यावा, तसं. दादाचं म्हणणं, याला जमत नाही. मुलाचं म्हणणं, पुढच्या पाच जणांनी उभं राहू दिलं तर जमेल ना, बाबा!

आपल्याकडे असल्या वादाचा निकाल एका म्हणीत लागतो: नाचता येईना, अंगण वाकडं. पण ही म्हण गृहीतच धरते की अंगण सरळ होतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये नवख्या क्वार्टरबॅकचं अंगण बऱ्याचदा खरोखर वाकडं असतं, आणि तेही नियमानुसार. त्यामुळे दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात कुठल्या ना कुठल्या शहरात हे भांडण पेटतं. ते नीट समजून घ्यायचं तर आधी खेळाची जुजबी ओळख हवी.

एका बाजूला अकरा जण. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेले, तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नात बॉल क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो पास फेकतो, दुसऱ्याच्या हातात देतो किंवा स्वतः पळतो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात, त्यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. भिंत फोडून कोणी आत आला आणि बॉल हातात असतानाच क्वार्टरबॅकला लोळवलं, तर तो सॅक. फेकलेला पास विरोधकाने पकडला, तर इंटरसेप्शन. नवख्या क्वार्टरबॅकवरच्या वादात हे दोन शब्द आपल्याकडच्या ‘शून्यावर बाद’सारखे येत राहतात.

आता ड्राफ्ट. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. ज्याची कामगिरी सर्वांत वाईट, तो पुढच्या वर्षी कॉलेजातून आलेल्या मुलांमधून पहिला खेळाडू निवडतो. दुबळ्याला बळ मिळावं, हा हेतू चांगला आहे. पण परिणाम बघा. देशातला सगळ्यांत गुणी पोरगा अशा घरी जातो, जिथे भिंत कच्ची, पास पकडणारे सुमार आणि कोचची खुर्ची डळमळीत. भिंत धड असती तर संघ तळाला गेलाच नसता! क्रिकेटपटूला निदान रणजी आहे, भारत ‘अ’ संघ आहे. इथे मधली पायरी नाही. लीगने युरोपात चालवलेली स्वतःची छोटी लीग होती, तीही २००७ मध्ये बंद झाली. कॉलेज संपलं की थेट तळ्यात.

बेअर्सची गोष्ट जरा वेगळी होती, आणि म्हणूनच तिथला वाद जास्त कडवट झाला. विल्यम्सला घेण्याचा पहिला हक्क त्यांना स्वतःच्या पराभवांमुळे मिळाला नव्हता. २०२३ मध्ये कॅरोलिना पँथर्सना ब्राइस यंग नावाचा क्वार्टरबॅक हवा होता. त्यासाठी त्यांनी बेअर्सकडून पहिला क्रमांक घेतला आणि बदल्यात डी. जे. मूर हा उत्तम रिसीव्हर (पास पकडणारा) आणि ड्राफ्टमधले बरेच हक्क दिले. त्यात २०२४ चा पहिल्या फेरीचा हक्कही होता. मग यंगच्या पहिल्या वर्षात पँथर्स १७ पैकी १५ सामने हरले, लीगमध्ये तळाला गेले आणि तो हक्क आपोआप पहिल्या क्रमांकाचा झाला. म्हणजे एका नवख्याची वाताहत झाली म्हणून शिकागोला दुसरा नवखा मिळाला. बेअर्स स्वतः मात्र त्या वर्षी सात सामने जिंकले होते. साहजिकच चाहत्यांना वाटलं, आपलं घर बरंच तयार आहे, फक्त कर्ता माणूस हवा होता.

त्यात भूक जुनी. एका मोसमात ४००० यार्ड पास फेकणारा क्वार्टरबॅक शिकागोला शंभर वर्षांत मिळालेला नाही. विल्यम्स आला तेव्हा संघाचा विक्रम १९९५ मध्ये एरिक क्रेमरने केलेल्या ३८३८ यार्डांचा होता. अशा शहरात ९३ यार्ड म्हणजे उपाशी माणसाला फराळाचं रिकामं ताट दाखवण्यासारखं.

पण कॉलेजात राज्य करणारा मुलगा इथे आल्यावर असा चाचपडतो का? ताकद तीच असते, हात तोच असतो. बदलते ती बॉल हलण्याआधीची वेळ, आणि या भागाकडे प्रेक्षकाचं लक्षच नसतं.

बऱ्याच कॉलेज संघांत कोच मैदानाबाहेरून खुणा करतात, चित्रांचे फलक उंच धरतात, अकराच्या अकरा जण तिकडे बघतात आणि आपापलं काम समजून घेतात. विल्यम्स कॉलेजात होता तोवर हेल्मेटमधला रेडिओ तिथे नव्हता. तिथे तो नियमाने आला २०२४ पासून. एनएफएलमध्ये मात्र कोच क्वार्टरबॅकच्या कानात चालीचं नाव सांगतो. नाव कसलं, लांबलचक वाक्यच असतं ते. कोण कुठे उभा राहणार, कोण आधी सरकणार, भिंतीने कोणाला अडवायचं, कोणी किती यार्ड पळून कुठे वळायचं, सगळं त्यात कोंबलेलं. ते एकदा ऐकायचं आणि घोळक्यातल्या दहा जणांना न चुकता सांगायचं. एक शब्द गाळला, तर एक गडी उलटीकडे पळतो. दोन चालींमध्ये वेळ ४० सेकंदांची, आणि त्यातले १५ उरले की रेडिओ बंद. पुढचं सगळं ज्याचं त्याने.

ते पुढचं काय असतं? घोळका मोडून रांगेपाशी यायचं. समोरच्या बचावातला मधला गडी कोण, हे हात करून सगळ्यांना दाखवायचं, कारण भिंत त्याच्यावरून आपली मोजणी लावते. कोण आत घुसणार आणि कोण नुसतं सोंग करतोय, याचा अंदाज घ्यायचा. चाल फसणार असं वाटलं तर ओरडून बदलायची. घड्याळावर डोळा ठेवायचा. नवखा बहुधा इथेच हरतो. बॉल हातात येण्याआधीच त्याचं डोकं मागे पडलेलं असतं.

समोरचे तर तयारच असतात. दोन राखणदार खोलवर उभे दिसतात, क्वार्टरबॅक मनाशी हिशेब मांडतो, आणि बॉल हलला की त्यातला एक झपकन पुढे येऊन त्याच जागेवर उभा राहतो जिथे पास जायचा होता. हे रूप बदलणं कॉलेजातही असतं, पण इथे ते करणाऱ्यांचा धंदाच तो आहे. न्यूयॉर्क जेट्सचा क्वार्टरबॅक सॅम डार्नल्ड ऑक्टोबर २०१९ मध्ये पॅट्रियट्सविरुद्ध खेळत होता. त्या दिवशी त्याच्या अंगावर माइक लावलेला होता. बाकावर बसून तो म्हणाला की मला भुतं दिसताहेत, आणि ते अख्ख्या देशाने ऐकलं. सामना ३३-० असा गेला. तेव्हा तो नवखाही नव्हता, दुसऱ्या वर्षात होता. लोकांनी वर्षानुवर्षं त्याला त्या वाक्यावरून छळलं. २०२४ मध्ये तोच मिनेसोटाकडून खेळताना १४ सामने जिंकला.

‘मोकळा गडी’ याचा अर्थही बदलतो. कॉलेजात रिसीव्हर दोन हात सुटला की पास द्यायचा. इथे तसा सुटलेला कोणी दिसतच नाही. बॉल पोचेल त्या क्षणी तो जिथे सुटलेला असेल, तिथे आधीच फेकावा लागतो. एसटी फलाटाला लागायच्या आत आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं. आत अजून कोणीतरी बसलेलं असतं, पण ते उठणार हे आपल्याला माहीत असतं. नवख्याला हा भरवसा नसतो. तो जागा रिकामी दिसेपर्यंत थांबतो. एका पाससाठी साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात कोणीतरी त्याला लोळवतो.

इथून आपण मुख्य भांडणाकडे येतो: सॅक कोणाचा? विल्यम्सला पहिल्या वर्षात ६८ वेळा लोळवलं. १७ सामने, म्हणजे सामन्याला सरासरी चार. १० नोव्हेंबरला पॅट्रियट्सविरुद्ध एकाच दुपारी नऊ. (या बाबतीतला विक्रम मात्र डेव्हिड कारचा. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कोऱ्या करकरीत संघात त्याला ७६ वेळा आडवं केलं.) माझ्या पुतण्याच्या मते ६८ हा आकडाच भिंतीच्या नालायकीचा पुरावा. दादाच्या मते पोरगा बॉल हातात धरून फोटो काढत बसतो.

दोघेही अर्धे बरोबर, आणि हे मी वाद मिटवायला म्हणत नाही. आकड्यांचा अभ्यास करणारे बऱ्याच वर्षांपासून सांगतात की सॅकचं प्रमाण भिंतीइतकंच क्वार्टरबॅकच्या सवयीवर ठरतं. खेळाडू संघ बदलतो तेव्हा सामानाबरोबर ही सवयही बरोबर जाते. विल्यम्स कॉलेजात निसटून, गोल फिरून, अशक्य वाटणारे पास फेकायचा. तीच त्याची ख्याती होती. तिथे त्याला पकडायला धावणारे पुढे जाऊन बँकेत किंवा विमा कंपनीत नोकरीला लागणार होते. इथे धावणाऱ्यांची हीच नोकरी.

घरबसल्या तपासायची एक ढोबळ युक्ती आहे. बॉल हातात पडला की मनात सावकाश आकडे मोजायचे. ‘दोन’ म्हणायच्या आत तो आडवा झाला, तर भिंतीला बोल लावा. ‘तीन’ होऊन गेले आणि तो अजून नाचतोय, तर त्याच्या पदरात घाला. तिसरा प्रकार अवघड: एखादा गडी कोणीही न अडवता सरळ आत आला. मोजणी क्वार्टरबॅकने चुकीची लावली, भिंतीतल्या मधल्या गड्याने, म्हणजे सेंटरने, लावली की कोचची चालच अपुरी होती, हे बाहेरच्याला कळत नाही. चाहत्यांची सगळ्यांत छातीठोक विधानं नेमकी याच प्रकाराबद्दल असतात, हा माझा अनुभव.

आता पुढे महान क्वार्टरबॅक ठरलेल्या पेटन मॅनिंगचं पहिलं वर्ष याच्या शेजारी ठेवून बघू. १९९८, कोल्ट्स, तीन विजय आणि १३ पराभव. त्याने २८ इंटरसेप्शन दिले. नवख्याने एका मोसमात दिलेल्या इंटरसेप्शनचा तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. पण सॅक झाले फक्त २२. विल्यम्सचं बरोबर उलटं: सॅक ६८, इंटरसेप्शन सहा. मधे तर सलग ३५३ पास असे गेले की एकही विरोधकाच्या हाती लागला नाही. नवख्यांमधला तो विक्रम ठरला. मॅनिंग चुकीच्या जागी फेकायचा, पण वेळेवर फेकायचा. विल्यम्स चूक टाळण्यासाठी बॉल धरून ठेवायचा आणि मार खायचा. शिकण्याची फी दोघांनी भरली, खिडक्या वेगळ्या. मला विचाराल तर मॅनिंगच्या चुका पुढच्यासाठी जास्त आशादायक होत्या. वेळ साधलेली असली की नेम सुधारता येतो. पुढच्या वर्षी कोल्ट्स १३ सामने जिंकले आणि तीन हरले.

अंगण आणि नाचणारा वेगळे करून बघायची संधी क्वचित मिळते. कॅरोलिनात २०२४ मध्ये ती मिळाली. यंग दुसऱ्या वर्षात आला, पहिले दोन सामने ४७-१० आणि २६-३ असे हरला आणि त्याला बाकावर बसवलं. जागी आला अँडी डाल्टन, तेव्हा छत्तिशीचा. भिंत तीच, गडी तेच. त्याने पहिल्याच सामन्यात ३१९ यार्ड, तीन टचडाउन आणि विजय मिळवून दिला. झालं! अंगण सरळच होतं, नाचणाराच लंगडा, असा निकाल देशभर लागला. पुढचे चारही सामने डाल्टन हरला. त्यातला एक विल्यम्सच्या बेअर्सकडून, ३६-१०. मग डाल्टनच्या गाडीला अपघात झाला, अंगठ्याला लागलं, यंग परत आला आणि वर्ष संपेपर्यंत ओळखू येणार नाही इतका बदलला. शेवटच्या सामन्यात त्याच्या खात्यात पाच टचडाउन होते. एका रविवारावरून काढलेला निष्कर्ष किती टिकला? एक रविवार.

यंगच्या उंचीवरूनही किती बोललं गेलं! पाच फूट दहा इंच. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला सी. जे. स्ट्राउड ह्यूस्टनला गेला, पहिल्याच वर्षी ४१०८ यार्ड फेकले आणि संघाला प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) नेलं. चाहत्यांनी तुलना करून करून यंगचा जीव घेतला. पण दुसऱ्या वर्षी ह्यूस्टनची भिंत ढासळली, स्ट्राउडवर ५२ सॅक झाले आणि इंटरसेप्शन पाचाचे १२ झाले. अंगण मधेच कलंडलं की सराईत नर्तकाचाही पाय घसरतो. याचा हिशेब तुलना करणाऱ्यांनी क्वचितच ठेवला.

भिंतीपेक्षाही मोठा वाकडेपणा म्हणजे कोच बदलणं. विल्यम्सच्या पहिल्या वर्षाची ही यादी बघा. आक्रमणाची सूत्रं हाती असलेल्या शेन वॉल्ड्रनला नोव्हेंबरच्या मध्यात काढलं. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी डेट्रॉइटविरुद्ध शेवटच्या अर्ध्या मिनिटात टाइमआउट शिल्लक असूनही न घेता बेअर्स २३-२० असे हरले, आणि दुसऱ्या दिवशी मुख्य कोच मॅट एबरफ्लूस गेले. भर मोसमात मुख्य कोचला काढण्याची बेअर्सच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. म्हणजे बाविशी-तेविशीतल्या त्या मुलाच्या कानातला आवाज वर्षाच्या मधेच बदलला. दहावीच्या सहामाहीनंतर शिक्षक आणि मुख्याध्यापक दोघेही बदलले, तर बोर्डाच्या निकालासाठी आपण एकट्या मुलाला धरून बसू का?

जॅरेड गॉफची गोष्ट याच मुद्द्यावरची. २०१६ चा पहिला क्रमांक. पहिल्या वर्षी रॅम्सकडून सात सामने सुरू केले आणि सातही हरला. ‘फसलेला सौदा’ अशी पाटी लागली. २०१७ मध्ये शॉन मॅकव्हे हा तिशीतला कोच आला. मुलगा तोच, आणि संघ ११ सामने जिंकून प्लेऑफमध्ये.

आता दादाच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण पुतण्याच्या पिढीला मॅनिंग आणि गॉफच तेवढे आठवतात. मॅनिंगच्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर रायन लीफ निवडला गेला होता. तिसऱ्याच सामन्यात त्याने १५ पास फेकले, एक पोचला, यार्ड चार. मोसमाअखेर दोन टचडाउन, १५ इंटरसेप्शन. तो सावरला नाही. अपयशी सुरुवात करून मोठे झालेल्यांची नावं आपल्या तोंडावर असतात. अपयशी सुरुवात करून संपलेले जास्त आहेत, पण त्यांची उदाहरणं द्यायला कोणाला आवडत नाही. पहिल्या वर्षी ११ सामने सुरू करून एकही न जिंकलेल्या ट्रॉय एकमनने पुढे तीन सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकले हे खरं, पण म्हणून हरणारा प्रत्येक नवखा एकमन होत नाही.

मग शिकू देऊन, थांबून का खेळवत नाहीत? पुढे नावाजलेला क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स आधी तीन वर्षं बाकावर बसला. पॅट्रिक माहोम्सने २०१७ मध्ये फक्त शेवटचा सामना सुरू केला आणि पुढच्या वर्षी ५० टचडाउन फेकले. उत्तर पैशात आहे. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा होता. २०११ मध्ये नवख्यांच्या पगारावर मर्यादा आली आणि त्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे साधारण २.२ कोटी मिळाले. नावाजलेला क्वार्टरबॅक आता एका वर्षाला पाच कोटींच्या वर घेतो. म्हणजे नवखा हा लीगमधला सगळ्यांत स्वस्त मौल्यवान माल, आणि सवलत चार-पाच वर्षांचीच. त्यातलं एक वर्ष बाकावर घालवणं मालकाला परवडत नाही. डळमळीत खुर्चीवरच्या कोचला तर त्याहून नाही. म्हणून कच्चा आंबा अढीत न घालताच बाजारात जातो.

शिकागोने पुढे काय केलं? जानेवारी २०२५ मध्ये बेन जॉन्सनला मुख्य कोच म्हणून आणलं. भिंतीच्या मधल्या तीन जागांवर जो थनी, ड्रू डालमन आणि जोना जॅक्सन असे तीन कसलेले गडी घेतले. २०२५ च्या मोसमात विल्यम्सवरचे सॅक निम्म्याहून खूप खाली आले, संघ ११ सामने जिंकून आपल्या गटात पहिला आला, आणि क्रेमरचा ३० वर्षांपूर्वीचा विक्रम विल्यम्सने ३९४२ यार्ड फेकून मोडला. ४००० ला ५८ कमी, बघा.

मी दादाला फोन केला. म्हटलं, चला, आता तरी बापलेकांचा समझोता झाला असेल. तो म्हणाला, “कसला समझोता! अरे, पोचलेल्या पासांचं प्रमाण बघ, पहिल्या वर्षी ६२.५ टक्के होतं, यंदा ५८.१. भिंत नवी, कोच नवा, आणि पास आणखी चुकताहेत.” मागून पुतण्याचा आवाज आला, “काका, त्यांना सांगा, आता तो लांबचे पास फेकतोय!”